पातं, बटण आणि खिसा

७.६२ सेंटिमीटर आणि १.७२ सेंटिमीटर. दिल्लीत गेली चाळीसहून अधिक वर्षं या दोन आकड्यांवरून माणसं पोलीस ठाण्यात गेली आहेत. पहिला आकडा पात्याच्या लांबीचा, दुसरा रुंदीचा. २९ ऑक्टोबर १९८० च्या दिल्ली प्रशासनाच्या अधिसूचनेत ते सापडतात. स्प्रिंगने उघडणारे, गरारीदार, बटणदार आणि इतर कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे-मिटणारे चाकू या मापाचे किंवा याहून मोठे असतील, तर ते शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत येतात, असं ही अधिसूचना सांगते.

माझं पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं. दिवसभर अटी लिहायच्या: अमुक संख्या तमुकपेक्षा मोठी असेल तर हे करा, नाहीतर ते करा. त्यामुळे कुठल्याही नियमात दशांशचिन्हानंतर दोन आकडे दिसले की पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे हा आकडा आला कुठून? ७.६२ चं कोडं लगेच सुटतं, तीन इंच म्हणजे बरोबर ७.६२ सेंटिमीटर. इंचातला नियम मेट्रिकमध्ये बदलून घेतला. १.७२ मात्र कुठल्याच सरळ इंचात बसत नाही. पाऊण इंच म्हणावं तर १.९ होतात, अर्धा म्हणावा तर १.२७.

एवढ्याशा कुतूहलातून मी घडीच्या चाकूच्या कायद्यांचा इतिहास वाचायला घेतला. माझ्या ट्रेकच्या सॅकमध्ये लाल मुठीचा एक चाकू वर्षानुवर्षं पडून असतो, त्यामुळे थोडा स्वार्थही होता. वाचत गेलो तसं लक्षात आलं, की हा इतिहास चाकूचा कमी आणि चाकू बाळगणाऱ्या माणसांचा जास्त आहे. खिशातलं पातं अवजार कधी असतं आणि शस्त्र कधी होतं, हे ठरवण्यासाठी कायद्याने पट्टी आणली, बटण शोधलं, मनगटाचा झटका मोजला. तरी दरवेळी शेवटचा निर्णय झाला तो समोरच्या माणसाकडे बघूनच.

बोरू तासायचा चाकू

चाकू हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि फारसीत तो तुर्कीतून आला असं मानतात. त्याआधीची आपली सुरी संस्कृत क्षुरिकेची वंशज. घरात विळी, अडकित्ता, सुरी. शेतात कोयता, विळा. आणि कारकुनाच्या दौतीशेजारी चाकू. बोरूचं टोक झिजलं की ते पुन्हा तासायला चाकू लागायचा. फारसीत त्याला कलमतराश म्हणत. इंग्रजीतल्या 'पेननाइफ'चाही जन्म याच कामातून, पिसाची लेखणी तासण्यासाठी. म्हणजे खिशातला छोटा चाकू ही मुळात लिहित्या-वाचत्या माणसाची वस्तू होती.

घडीचा चाकू वेगळा ठरतो तो एका गोष्टीमुळे. त्याचं पातं मुठीत झाकलं जातं, म्हणून तो म्यानाशिवाय खिशात राहतो. पातं उघडं राहावं यासाठी कारागिरांनी तीन-चार युक्त्या काढल्या. साध्या चाकूत मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते. ती पात्याला दाब देते, जोर लावला की पातं मिटतं. दुसऱ्यात खाचेचं कुलूप असतं, मुद्दाम सोडवल्याशिवाय पातं मिटत नाही. तिसऱ्यात गरारी असते, दातेरी चक्राच्या एकेका दातावर पातं अडत उघडतं आणि करकर आवाज होतो. चौथ्यात बटण दाबलं की स्प्रिंग पातं बाहेर फेकते.

भाकरीचा तुकडा, दोरी किंवा सफरचंद कापताना या चारांत काही फरक पडत नाही. कायद्याने मात्र जवळजवळ सगळं भांडण या फरकांवरच उभं केलं.

यादीत चाकू नव्हता

१८५७ नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला. अवधमध्ये गावोगावच्या तलवारी, भाले, बंदुका गोळा झाल्या, तालुकदारांच्या गढ्या पाडल्या गेल्या. १८६० मध्ये शस्त्रांचा एक कायदा झाला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत कायमस्वरूपी इंडियन आर्म्स ॲक्ट आला. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांचा गळा आवळणारा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टही आला. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. शस्त्रांचा कायदा ८१ वर्षं टिकला.

१८७८ च्या कायद्यातली शस्त्रांची व्याख्या वाचताना एक गोष्ट लगेच जाणवते. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्याची टोकं, धनुष्यबाण, तोफा अशी ती यादी आहे. चाकूचं नाव तिथे नाही. इंग्रजांना भीती होती ती पलटणीची आणि बंडाची. खिशातल्या पात्याने राज्य उलथत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याहून महत्त्वाची होती सूट दिलेल्यांची यादी. युरोपियन लोकांना या कायद्यातून सूट होती. काही संस्थानिक, पदवीधारक आणि मोठे अधिकारी यांना होती. कोडगू म्हणजे कूर्गच्या लोकांना, त्यांनी इंग्रजांशी इमान राखलं म्हणून, बंदुकीच्या परवान्यातून सूट मिळाली. ही शेवटची सूट स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे एकच बंदूक एका माणसाच्या हातात गुन्हा आणि दुसऱ्याच्या हातात परंपरा. आपल्याकडच्या शस्त्रकायद्याची सुरुवातच अशी झाली: आधी माणूस कोण ते बघायचं, मग हातातली वस्तू.

कृपाणाचा लढाही याच चौकटीत लढला गेला. शिखांनी मागणी लावून धरली आणि १९१४ पासून टप्प्याटप्प्याने कृपाणाला आर्म्स ॲक्टमधून सूट मिळत गेली. पुढे राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात लिहिलं गेलं, की कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल. एखाद्या धारदार वस्तूचं नाव राज्यघटनेत थेट येण्याचा हा प्रसंग. पण विमानात बसायचं म्हटलं की तिथेही पट्टी येतेच. देशांतर्गत उड्डाणात कृपाणाचं पातं १५.२४ सेंटिमीटरपेक्षा आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, असा २०२२ चा नियम आहे. म्हणजे सहा इंच आणि नऊ इंच.

कामत आणि आंबेडकर

स्वातंत्र्याच्या चळवळीत आर्म्स ॲक्ट हा अपमानाचा विषय होता. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ११ मागण्या ठेवल्या. त्यांत मिठावरच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्या, अशीही मागणी होती. अहिंसेचा पुरस्कर्ता असं का मागतो? कारण प्रश्न गोळी झाडण्याचा नव्हता, भरवशाचा होता. आपल्याच प्रजेवर सरकारचा विश्वास नाही, हे त्या कायद्यात लिहिलेलं होतं. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्या ठरावाची आठवण करून दिली ती मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेलेल्या ह. वि. कामतांनी. कायद्याच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा, अशी त्यांची दुरुस्ती होती. उत्तर द्यायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. परकीय राज्यात ही मागणी का झाली हे त्यांना मान्य होतं. पण स्वतंत्र देशात प्रत्येकाला बाजारात जाऊन हल्ल्याची साधनं बिनदिक्कत विकत घेता आली, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत उरलं ते १९ व्या कलमातलं स्वातंत्र्य: शांततेने आणि निःशस्त्र एकत्र जमण्याचं.

मला दोघांचंही पटतं, आणि अडचण तिथेच आहे. कामत म्हणत होते नागरिकावर विश्वास ठेवा. आंबेडकर म्हणत होते राज्याला जबाबदारीपासून पळता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जो कायदा लिहायचा होता, तो १९५९ मध्ये लिहिला गेला.

नऊ बाय दोन

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राची व्याख्या हेतूवर आणली. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी करून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, त्यात धारदार हत्यारंही आली. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या. उदाहरण म्हणून कायद्यातच लाठी आणि फिरायला जातानाची काठी दिली आहे.

मग १९६२ च्या नियमांनी आकडे दिले. पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, परशू आले. त्यांच्याबरोबर आले चाकू, कृपाण आणि खुकऱ्या: पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नसेल तर. याच यादीत 'लाइफ प्रिझर्व्हर' नावाचं एक हत्यार आहे. नाव वाचून बुडणाऱ्याला वाचवायचं काहीतरी असेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो डोक्यात हाणायचा आखूड, जड सोटा असतो.

हा नियम पहिल्या वाचनाला सरळ दिसतो, कारण त्यात आकडा आहे. पण त्यातली दुसरी अट पुन्हा वाचा. बारा इंची पातं घरगुती कामाचं असेल तर ते शस्त्र नाही. खाटकाचा सुरा नऊ इंचांहून लांब असतो, कलिंगड कापणाऱ्याचाही असतो. मग शस्त्र कुठलं? जे कामासाठी बनवलेलं नाही ते. आणि कामासाठी बनवलेलं आहे की नाही, हे पात्यावर कोरलेलं नसतं. पट्टीने मोजून अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं मागावं लागतं त्या माणसाकडे: तू कोण, कुठे निघालास, हे कशाला जवळ ठेवलंस?

भाजीची सुरी, खिशातला साधा घडीचा चाकू या नऊ इंचांच्या खूप आत होते. १९६२ च्या नियमांनी त्यांना बव्हंशी मोकळं सोडलं होतं. ते पुन्हा कायद्याच्या नजरेत आले ते बटणामुळे.

बटणाची भीती

१९५० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या तरुण टोळ्यांची मोठी धास्ती होती. वर्तमानपत्रांत आणि पडद्यावर त्या टोळीतल्या पोराच्या हातात एकच वस्तू असायची, बटण दाबताच खट्कन उघडणारा चाकू. १९५८ मध्ये अमेरिकेने राज्याराज्यांतल्या अशा चाकूंच्या व्यापारावर बंदी घातली. १९५९ मध्ये, म्हणजे आपला शस्त्र अधिनियम झाला त्याच वर्षी, ब्रिटनने त्यांची निर्मिती आणि विक्री बंद केली.

अमेरिकेच्या त्या कायद्यात एक छोटा अपवाद आहे. ज्याला एकच हात आहे अशा माणसाला बटणाचा चाकू जवळ बाळगता येतो, पातं तीन इंच किंवा त्याहून लहान असेल तर. अपवाद माणुसकीचा आहे, कारण एका हाताने साधा चाकू उघडणं कठीण. पण त्यातून बटणाचा खरा उपयोगही उघड होतो. दोरखंड एका हाताने धरून ठेवणारा खलाशी, शिडीवरचा वायरमन, उंचावर काम करणारा गवंडी यांचा एक हात कायम अडकलेला असतो. एका हाताने उघडणारा चाकू त्यांचं अवजार आहे. कायद्याने तो ओळखला तो फक्त गुंडाच्या हातातला.

आपल्याकडे ही प्रतिमा घडवली रामपुरीने. उत्तर प्रदेशातलं रामपूर नवाबांच्या काळापासून चाकूसाठी प्रसिद्ध. लांब, निमुळतं पातं, पितळी कामाची मूठ, गरारी किंवा बटण. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमार समोरच्याच्या हातातला चाकू काढून घेतो आणि ही लहान मुलांच्या खेळण्याची वस्तू नव्हे असं बजावतो, तो प्रसंग आजही लोकांना पाठ आहे. पुढची दोन दशकं हिंदी सिनेमातल्या मुंबईत कोपऱ्यावरच्या दादाच्या हातात रामपुरीच होता. 'रामपुरी' हे गावाचं विशेषण राहिलंच नाही, हत्याराचं नाव झालं.

दिल्लीची १९८० ची अधिसूचना या वातावरणातली आहे. केंद्राचे नऊ इंच खाली उतरून तीन इंच झाले आणि 'बटणदार', 'गरारीदार' हे बाजारातले शब्द सरकारी इंग्रजीत जाऊन बसले. पुढे १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशानेही साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याच्या चाकूंवर बंदी घातली. रामपूरचे कारागीर तिथून उतरणीला लागले. तोवर गुंडांच्या हातात गावठी कट्टे आलेच होते. २०२३ मध्ये त्याच रामपुरात एका चौकात जवळपास सहा मीटरचा चाकू उभारला गेला, शहराची ओळख म्हणून. सहा मीटरचा चाकू स्मारक आहे, कारण तो कुणाच्या खिशात मावत नाही.

मुंबईचा मनाई आदेश

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. इथे पट्टीपेक्षा तारीख महत्त्वाची ठरली.

१९४६-४७ च्या दंगलींतली मुंबई ही भोसकाभोसकीची मुंबई होती. रोजच्या पेपरात चाकूहल्ल्यांचे आकडे येत. त्या आठवणी ताज्या असताना, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला. आज त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे. त्याचं ३७ वं कलम पोलीस आयुक्त आणि जिल्हादंडाधिकारी यांना अधिकार देतं: ठरावीक मुदतीत, ठरावीक भागात, शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या किंवा शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला मनाई करता येते.

ही यादी मराठी वाचकाला तोंडपाठ असेल. जिल्ह्याच्या पानावर कोपऱ्यात छोटी बातमी असते: 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. सण, निवडणूक, मोर्चा असं काहीतरी कारण असतं. पंधरवडा संपला की नवा आदेश, पुन्हा तीच यादी, तेच शब्द. मला आठवतंय तेव्हापासून ही बातमी येते आहे. कलम अपवादात्मक परिस्थितीसाठी लिहिलं होतं, पण पंधरा-पंधरा दिवस जोडत गेलं की वर्षं होतात.

आणि त्या यादीतलं शेवटचं वाक्य सगळ्यात रुंद आहे. 'इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू' यात न बसणारी वस्तू मला अजून सुचलेली नाही. माझा लाल चाकू बसतो, ट्रेकची काठी बसते, स्टीलची पाण्याची बाटलीसुद्धा बसते. याच कायद्याचं १२२ वं कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, गुन्ह्याच्या इराद्याने, घातक हत्यारासह सापडणाऱ्याबद्दल आहे. तिथे निदान इरादा हा शब्द आहे.

पुण्यातला कोयता या सगळ्याची कसोटी ठरला. कोयता हे ऊसतोडीचं अवजार, म्हणजे १९५९ च्या व्याख्येतली शेतीची वस्तू. कुठल्याही आठवडी बाजारात मिळणारी. टोळकी कोयते घेऊन रस्त्यावर उतरायला लागली, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड पाहून नोंद ठेवायला सांगितलं. नऊ इंच, तीन इंच, बटण, गरारी, सगळी मापं इथे निरुपयोगी होती. हत्यार ओळखता येईना म्हणून ग्राहकाची ओळख मागितली गेली.

ही ओळख कशी वाचली जाते, याचा छोटा अनुभव मलाही आहे. एका शहराच्या मेट्रो स्थानकावर माझी सॅक यंत्रातून गेली आणि चाकू पडद्यावर दिसला. सुरक्षारक्षकाने तो उघडून पाहिला, "ट्रेकला का साहेब?" असं विचारलं आणि परत दिला. माझ्या मागे एक वायरमन होता. त्याच्या पिशवीत वायर सोलायचा, माझ्याहून लहान पात्याचा चाकू होता. त्याला बाजूला घेतलं, कार्ड मागितलं, कुठे काम करतोस, मुकादमाचा नंबर काय, असं बराच वेळ चाललं. रक्षक उर्मट नव्हता, त्याच्या परीने तो काम करत होता. पण आमच्या दोन चाकूंत पट्टीने दिसणारा जो फरक होता, तो वायरमनच्या बाजूचा होता.

मनगटाचा झटका

असं होतं ते फक्त इथल्याच पोलिसांमुळे असं मानायचं कारण नाही. न्यूयॉर्कची गोष्ट याहून बोलकी आहे.

१९५८ मध्ये त्या राज्याने 'ग्रॅव्हिटी नाइफ'वर बंदी घातली. व्याख्या अशी: गुरुत्वाकर्षणाने किंवा झटका देऊन जे पातं मुठीतून बाहेर येतं आणि उघडल्यावर पक्कं बसतं, ते. डोळ्यांसमोर होते दुसऱ्या महायुद्धातले जर्मन छत्रीधारी सैनिकांचे चाकू. पण पुढे घडीचे चाकू सुधारले, सांधे गुळगुळीत झाले, खाचेचं कुलूप सर्रास आलं. आता जोरदार मनगट असलेला पोलीस जवळपास कुठलाही नवा चाकू झटक्याने उघडू शकत होता. हाच चाचणीचा प्रकार झाला. पहिल्या झटक्यात उघडला नाही तर दुसरा, तिसरा. चाकू बेकायदा आहे की नाही, हे तपासणाऱ्याच्या मनगटावर ठरायला लागलं.

हे चाकू दुकानांत राजरोस विकले जात होते. सुतार, रंगमंचावरचे कामगार, गोदामातले हमाल ते कामासाठी विकत घेत आणि घरी जाताना पकडले जात. हजारो लोकांना अटक झाली. अटक झालेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांचं प्रमाण फार मोठं आहे, हे तिथल्या लीगल एड सोसायटीने वारंवार मांडलं. मार्च २०१९ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने ही चाचणी एका खटल्यात घटनाबाह्य ठरवली, कारण आपला चाकू कायद्यात बसतो की नाही हे नागरिकाला आधी कळूच शकत नव्हतं. मे २०१९ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती लागू झाली आणि ती बंदी उठली.

ब्रिटनने पट्टी वापरली आणि तिथेही गंमत झाली. १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू विनाकारण खिशात ठेवला तरी चालतो. पुढे न्यायालयाने ठरवलं, की खाचेचं कुलूप असलेला चाकू 'घडीचा' धरायचा नाही, कारण तो कधीही सहज मिटत नाही. खरं तर ते कुलूप असतं वापरणाऱ्याची बोटं वाचवण्यासाठी. जो चाकू हातात धरायला जास्त सुरक्षित, तो बाळगायला जास्त धोक्याचा.

विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी

आता पुन्हा दिल्लीकडे येऊ, कारण त्या दोन आकड्यांची गोष्ट अर्धी राहिली आहे.

१९८० च्या दशकातल्या दुरुस्त्यांनी शस्त्र अधिनियमाच्या २५ व्या कलमातल्या अशा गुन्ह्यांना किमान एक वर्षाची शिक्षा लावली, कमाल तीन वर्षं. न्यायाधीशाला विशेष कारण नोंदवून ती कमी करता येते, पण सुरुवात वर्षापासून. खिशात बटणदार चाकू, पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी, आणि पुढे वर्षानुवर्षं तारखा. अशा खटल्यांत पात्याचं चित्र कागदावर गिरवून माप लिहिण्याची पोलिसांची पद्धत आहे. माप चोख असतं.

२०२४ मध्ये असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. एका माणसाकडे बटणदार चाकू सापडला होता, पातं ७.६२ पेक्षा लांब होतं यात वाद नव्हता. न्यायालयाने अधिसूचनेची भाषा वाचली. तिचा रोख होता तो असे चाकू बनवणं, विकणं आणि विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी जवळ ठेवणं यावर. या माणसाने तो विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी ठेवला होता, असं आरोपपत्रात कुठेच म्हटलं नव्हतं. नुसता खिशात सापडला एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही, असं सांगून न्यायालयाने तो खटला रद्द केला.

हे वाचताना मला माझ्या धंद्यातली ओळखीची खोड दिसली. अटीत दोन भाग असतात, एक संख्येचा आणि एक हेतूचा. संख्या तपासायला सोपी, म्हणून ती प्रत्येकजण तपासतो. हेतू तपासायला कठीण, म्हणून तो खरा आहे असं गृहीत धरलं जातं. प्रोग्रॅममध्ये अशी चूक राहिली तर एखादा अहवाल चुकीचा येतो. इथे त्या गृहीतकापोटी एकेका माणसाच्या आयुष्यातली वर्षं गेली असणार, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणं काही सगळ्यांना परवडत नाही.

चाकूने माणसं मरतात. पट्टी-बटण हे सगळं थोतांड आहे, असं म्हणणं सोपं आहे; ज्याच्या घरातला मुलगा चौकातल्या भांडणात गेला त्याला ते ऐकवता येणार नाही. राज्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आंबेडकरांचा मुद्दा आजही खरा आहे. पण रेघ कशी ओढायची याबद्दल गेल्या दीडशे वर्षांनी थोडंफार शिकवलं आहे.

पहिलं, रेघ आधी कळली पाहिजे. घरी पट्टी घेऊन बसलेल्या माणसाला आपला चाकू कायद्यात बसतो की नाही हे दुसऱ्या कुणाच्या मनगटावर अवलंबून न राहता ठरवता आलं पाहिजे. त्या अर्थाने तीन इंच हा नियम, कितीही मनमानी असला तरी, 'इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू' यापेक्षा प्रामाणिक आहे. दुसरं, नुसत्या मापावर तुरुंग नको. माप ओलांडलं तर चौकशी करा, पण शिक्षा देताना इरादा सिद्ध करायचं ओझं सरकारने उचलावं. तिसरं, तात्पुरता आदेश तात्पुरता असावा. जो आदेश वर्षभर चालतो त्याला कायदा म्हणावं आणि विधिमंडळात त्यावर चर्चा व्हावी.

१.७२ चं कोडं मात्र मला शेवटपर्यंत सुटलं नाही. अधिसूचना लिहिणाऱ्याच्या टेबलावर तेव्हा जप्त केलेला एखादा चाकू पडलेला असावा आणि त्याचीच रुंदी नियमात उतरली असावी, असा माझा आपला अंदाज आहे.